बटरमध्ये बटर नाही

आपल्या घराघरांतून आजवर जेवढा मैदा, साखर आणि गॅस वाया गेला असेल, त्यातल्या निदान निम्म्याला एकच वाक्य जबाबदार आहे. "त्याच्याऐवजी हे घातलं तरी चालतं."

हे वाक्य कोणी पहिल्यांदा उच्चारलं ते इतिहासाला ठाऊक नाही. पण ते दर दुपारी, साधारण चारच्या सुमारास, महाराष्ट्रातल्या प्रत्येक आळीत उच्चारलं जातं. लोणी नाही? तेल घाला, चालतं. तूप महाग? वनस्पती घाला, चालतं. वनस्पती वाईट? मग शेंगदाण्याचं घाला, उलट ते पौष्टिक. या 'चालतं'ची गंमत अशी की ते कुठवर चालतं हे कोणी सांगत नाही. माझ्या अनुभवाप्रमाणे ते भट्टीच्या दारापर्यंत चालतं आणि तिथे बसकण मारतं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांचे पैसे मोजतो आहे. असा माणूस नानखटाईत कशाला नाक खुपसतो, असं वाचकांना वाटेल. पण मंडळी, हा विषय मुळात हिशेबाचाच आहे. एकाच्या जागी दुसरं ठेवणं हे आमच्याकडे रोज चालतं. फक्त त्याला व्हाउचर लागतं, दोन सह्या लागतात, आणि कोणाच्या नावे टाकलं नि कोणाच्या खाती जमा केलं हे स्पष्ट लिहावं लागतं. रामाच्या खात्यातले पैसे शामाच्या खात्यात टाकून "पैसाच तो, चालतं" असं जर मी म्हटलं, तर संध्याकाळच्या आत मलाच चालतं व्हावं लागेल. स्वयंपाकघरात मात्र तुपाच्या खाती पामतेल बिनबोभाट जमा होतं आणि ऑडिट येतं ते थेट पोटात.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माझं भांडण फोडणीशी नाही. आमटीच्या फोडणीत करडईचं तेल संपलं म्हणून सूर्यफुलाचं घातलं तर आभाळ कोसळत नाही. चव थोडी बदलते, सासूबाई थोड्या बदलतात, पण आमटी ही आमटीच राहते. माझं भांडण आहे ते भट्टीत जाणाऱ्या पदार्थांपुरतं: नानखटाई, बिस्किटं, केक, खारी. इथे स्निग्ध पदार्थ हा पाहुणा नसतो. तो घरातला कर्ता पुरुष असतो. आमटीतून तेल काढलं तर आमटी कोरडी लागेल. नानखटाईतून तूप काढलं तर हातात गोड माती राहील.

आता आमच्या गावाबद्दल. मी राहतो त्र्यंबकेश्वरला. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, गोदावरीच्या उगमाजवळ, नाशिकहून अठ्ठावीस-तीस किलोमीटरवर. पावसाळ्यात इथे चार महिने भिंतींनाही सर्दी असते, आणि पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या सुमाराला खोबरेल तेलाची बाटली इतकी दगड होते की तेल लावण्याऐवजी डोक्यावर बाटलीच फिरवावी लागते. असो. सांगायचा मुद्दा असा, की बदली वस्तू वापरण्याचं शास्त्र आमच्या गावाला कोणी शिकवायला नको. इथे पहाटेपासून पूजा सुरू असतात. पूजा म्हटली की शंभर वस्तू, आणि शंभरातल्या दहा हमखास राहिलेल्या. अशा वेळी गुरुजी काय करतात? दागिने नसले तर चिमूटभर अक्षता उचलतात आणि खड्या आवाजात म्हणतात, "अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि." वस्त्र नसलं तर "वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि."

वाचकहो, या वाक्यातली सचोटी पाहा! गुरुजी तांदळाला पैठणी म्हणत नाहीत. 'देवाला काय कळतंय' असं मनाशी म्हणून हळूच तांदूळ सरकवत नाहीत. हे तांदूळ आहेत, ते दागिन्यांच्या जागी वाहतो आहे, असं देवाच्या तोंडावर, यजमानाच्या देखत, मोठ्याने सांगतात. देव समजूतदार आहे. यजमानही समजूतदार आहे. व्यवहार पुरा झाला.

आपल्या मीमांसकांनी तर यावर एक प्रकरणच लिहून ठेवलं आहे. मूळ द्रव्य मिळालं नाही तर त्याच्या जागी जे घ्यायचं, त्याला ते 'प्रतिनिधी' म्हणतात. सोम मिळाला नाही तर पूतिका वनस्पती घ्यावी. व्रीही म्हणजे भात नसेल तर नीवार, म्हणजे देवभात, घ्यावा. नियम असा की प्रतिनिधी हा मुळाशी जास्तीत जास्त साम्य असलेला हवा. आणि पुढे हेही बजावलं आहे की काही गोष्टींना प्रतिनिधीच नाही. देवतेला नाही, मंत्राला नाही, अग्नीला नाही, आणि यजमानालाही नाही. अग्नीला प्रतिनिधी नाही हे वाचलं तेव्हा मला प्रेशर कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिट्टी काढून, त्यात केक भाजणाऱ्या तमाम भगिनींची आठवण झाली. जैमिनींनी त्यांना काय सांगितलं असतं, कोण जाणे. बहुधा "थोडा कच्चा आहे" एवढंच.

खरा प्रश्न आहे तो साम्याचा. तूप आणि तेल यांच्यात साम्य कशाचं? 'दोन्ही स्निग्ध, दोन्ही हाताला लागतात, दोन्ही साबणाशिवाय निघत नाहीत,' असं चालतं-पक्ष सांगेल. अहो, कारकून आणि मॅनेजर दोघेही शर्टाच्या खिशाला पेन लावतात! साम्य दिसण्यातलं धरायचं नसतं, कामातलं धरायचं असतं.

नानखटाईत तूप काम काय करतं ते पाहा. माझ्या आजीच्या हातची रीत अशी: थिजलेलं तूप परातीत घ्यायचं, पिठीसाखर घालायची, आणि तळहाताने गोल गोल फेसत बसायचं. हात भरून येतो. तूप पिवळटाचं पांढरं होतं, हलकं होतं, फुगतं. चिरोट्यांचा साटा असाच फेसतात आणि थेंब पाण्यात टाकून पाहतात. तरंगला तर झाला, बुडाला तर आणखी फेसा. हे तरंगणं म्हणजे चमत्कार नाही. आत हवा शिरलेली असते. साखरेचे बारीक कण थिजलेल्या तुपात खड्डे पाडतात, त्या खड्ड्यांत हवा अडकते, आणि तूप घट्ट असल्यामुळे ती हवा पळून जाऊ शकत नाही. पुढे भट्टीत तूप वितळतं, हवा फुगते, सोडा आपला वायू त्याच फुग्यांत भरतो, आणि नानखटाई डोक्यावर चीर पाडून हसते. शिवाय तुपाने मैद्याच्या कणांवर पांघरूण घातलेलं असल्यामुळे मैद्याची चिकट साखळी बनत नाही. म्हणून ती दाताखाली न तुटता विरघळते.

आता त्याच परातीत गोडेतेल घ्या आणि फेसा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फेसा. सिंहस्थापासून सिंहस्थापर्यंत फेसा. हवा एका बाजूने आत जाईल आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येईल, कारण पातळ तेलात तिला धरून ठेवायला काही नाही. मग भट्टीत ती नानखटाई पसरते आणि कागदावर डाग पाडते. आमच्या शेजारच्या वहिनींनी गेल्या दिवाळीत अशी 'तेलातली आरोग्यदायी' नानखटाई आणून दिली. मी एक खाल्ली. वहिनी म्हणाल्या, "कशी झालीय भाऊजी? तुपाऐवजी शेंगदाण्याचं तेल घातलंय, कळलंसुद्धा नाही ना?" मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही चटणी फार छान करता." घाणीच्या तेलाचा तो खमंग वास लसणाच्या चटणीला वरदान आहे, पण वेलदोड्याशी त्याचं जन्मात जमायचं नाही.

इतकं वाचून शुद्ध-तूप-पक्षाच्या मंडळींना गुदगुल्या झाल्या असतील. त्यांनी इतक्यात हसू नये. त्यांचाही हिशेब काढायचा आहे. या पक्षाचं म्हणणं असं की तेल म्हणजे हलकं, तेल म्हणजे गरिबी, आणि तूप म्हणजे संस्कृती. खोटं आहे! आपल्या राज्यातल्या बहुसंख्य घरांत तूप वरणभातावर वाढलं जायचं ते चमच्याच्या टोकाने. शंकरपाळ्यांना मोहन घातलं जायचं ते कडकडीत तेलाचं, आणि ती शंकरपाळी काही खालच्या जातीची झाली नाहीत. आमच्या त्र्यंबक-पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारावर आदिवासी शेतकरी खुरासणी पेरतात. तिच्या पिवळ्या फुलांनी उतार भरून जातात. त्या तेलावर पिढ्या पोसल्या. ज्यांनी जन्मात खुरासणीच्या तेलातली भाजी खाल्ली नाही, त्यांनी तेलाला हलकं म्हणू नये.

आणि केकच्या बाबतीत तर तेल हे तुपालोण्यापेक्षा काही ठिकाणी सरसच ठरतं. आमच्याकडे पौषाच्या थंडीत लोण्याचा केक सकाळी विटेसारखा होतो, कारण आतलं लोणी थिजतं. तेलाचा केक मात्र मऊच राहतो, कारण तेल त्या थंडीत थिजत नाही. पण त्याचाही हिशेब आहे. लोण्यात सुमारे ऐंशी टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं बहुतेक पाणी. म्हणजे शंभर ग्रॅम लोण्याऐवजी शंभर ग्रॅम तेल घालणं ही उघडउघड जास्तीची रक्कम अदा करणं झालं. ऐंशी ग्रॅम तेल आणि वर चमचा-दीड चमचा पाणी किंवा दूध, असा उतारा जुळतो. आणि लोण्याने जी हवा धरून ठेवली असती ती दुसरीकडून आणावी लागते. दही आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो, तिथून आणा. किंवा अंड्याचा पांढरा बलक फेसा, तिथून आणा. खोबरेल वापरायचं तर ते साधारण चोवीस अंशांखाली थिजतं हे ध्यानात ठेवा. मुंबईत जे पातळ, ते त्र्यंबकला घट्ट; पाककृती तीच, पण तेल मात्र गाव पाहून वागणार. याला म्हणतात प्रतिनिधी नेमणं. नुसतं 'चालतं' म्हणणं म्हणजे खुर्ची रिकामी दिसली म्हणून शिपायाला बसवणं.

या बाबतीत मला अमेरिकेतल्या एका गृहस्थाबद्दल अतोनात आदर आहे. हॅरी बेकर त्यांचं नाव. आडनाव बेकर असलं तरी धंदा विम्याचा! म्हणजे आमच्याच बिरादरीतले. १९२७ साली लॉस एंजेलिसला त्यांनी एक केक शोधून काढला. लोण्याच्या केकसारखा भरगच्च, पण कापसासारखा हलका. कृती त्यांनी वीस वर्षं कोणाला सांगितली नाही. १९४७ साली ती जनरल मिल्स कंपनीला विकली, आणि मग रहस्य बाहेर आलं: लोण्याच्या जागी साधं तेल, आणि हवा अंड्याच्या फेसलेल्या पांढऱ्या बलकातून. पण मला आदर वाटतो तो शोधाबद्दल तेवढा नाही, जेवढा नावाबद्दल. तो केक जगासमोर आला 'शिफॉन केक' या नव्या नावाने. लोण्याच्या केकमध्ये तेल घालून तो लोण्याचाच म्हणून खपवला गेला नाही. माल बदलला, नाव बदललं, खातं वेगळं उघडलं. याला म्हणतात बँकिंग!

आता आपल्याकडे काय झालं ते पाहा. १९३७ साली डालडा आला. पिवळा डबा, त्यावर हिरवं माडाचं झाड. रिकामा झाल्यावर त्यात तुळस लागायची आणि फुटल्यावर तो आणखीही कुठे कुठे जायचा. वनस्पती तेलात हायड्रोजन घालून ते तुपासारखं रवाळ, घट्ट केलेलं. मध्यमवर्गाला हा देवदूतच वाटला. आमच्या लहानपणी दिवाळीआधी रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालडा पिशवीत घालून भट्टीवर जायचं, भट्टीवाला किलोवर मजुरी घेऊन नानखटाई भाजून द्यायचा. पत्र्यावर आपल्या नावाची चिठ्ठी. त्या नानखटाईला आम्ही डालड्याचीच म्हणायचो, आणि तूप घातलेल्या घरची पोरं आम्हाला ती तुपाची म्हणून मुद्दाम दाखवून खायची. म्हणजे उच्चनीचता होती, पण फसवणूक नव्हती. डबा सगळ्यांनी पाहिलेला होता.

फसवणूक सुरू झाली ती डब्याबाहेर, तुपात वनस्पती मिसळून तुपाच्या भावाने विकण्यात. वनस्पतीला तुपाचा वेष चढवण्यावर गांधीजींनीही कडक टीका केली होती. वनस्पतीला रंग द्या म्हणजे भेसळ डोळ्यांना दिसेल, अशी मागणी बरीच वर्षं होती. पण तळण्यात टिकेल आणि पोटालाही चालेल असा रंग काही सापडला नाही. मग सरकारने एक नामी युक्ती काढली. प्रत्येक कारखान्याने वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घातलंच पाहिजे, असा कायदा केला. का? तर तिळाच्या तेलावर एक परीक्षा आहे, बाउडोइन नावाची. आम्लाबरोबर ते हलवलं की किरमिजी रंग चढतो. म्हणजे वनस्पती तुपात लपून बसली तरी तिच्या पोटातला तीळ लाजून लाल होणार आणि चुगली करणार! तीळ तोंडात भिजत नाही ही म्हण माणसांसाठी आहे. इथे सरकारने खुद्द तिळालाच बोलायला लावलं. एखाद्या मालाच्या पोटात त्याचाच फितूर सक्तीने बसवणारं असं शहाणपण मी आमच्या बँकेतसुद्धा पाहिलेलं नाही.

पण काळ बदलला. १९९० नंतर शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं की हायड्रोजन घालण्याच्या या खटाटोपात जी ट्रान्स मेदाम्लं तयार होतात, ती हृदयाला तुपाहून वाईट. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मर्यादा आणली. आधी दहा टक्के, मग पाच, २०२१ साली तीन, आणि २०२२ पासून दोन. चांगलं झालं. डालड्याचं राज्य ओसरलं आणि त्या गादीवर पामतेल येऊन बसलं. ते स्वस्त, आणि थोडी प्रक्रिया केली की आपोआप घट्ट. आज ते मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून येतं. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने निर्यात जेमतेम तीन-चार आठवडे बंद केली, तर आपल्याकडे गल्लीतल्या वाण्यापासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना घाम फुटला. आपल्या चहातलं बिस्किट कुठल्या बेटावर पिकतं ते त्या दिवसांत कळलं.

पामतेलाशीही माझं वैर नाही. भट्टीवाल्याला तूप परवडत नाही हे मी जाणतो. त्याचं कर्जखातं माझ्यासमोर उघडं असतं. माझं वैर आहे ते पाटीशी. आमच्या गावच्या टपऱ्यांवर चहाबरोबर एक पदार्थ मिळतो: गोल, कडक, पांढरट, चहात बुडवला की दुप्पट होणारा. त्याचं नाव 'बटर'. महाराष्ट्रभर त्याला बटरच म्हणतात. आजवर मी शेकडो खाल्ली असतील, पण बटरमध्ये बटर काही मला भेटलं नाही. हे एक वेळ सोडून देऊ. तिथे कोणाची फसगत होत नाही. म्हैसमाळला म्हैस शोधत कोण जातं? पण काचेच्या बरणीवर 'स्पेशल तुपाची नानखटाई' असं लिहिलेलं असतं, भावही तुपाला शोभेल असा असतो, आणि खाल्ल्यावर टाळूला मेणाचा पातळ थर बसतो. हा थर म्हणजे कबुलीजबाब असतो. तूप तोंडाच्या उबेने वितळून जातं. वनस्पतीचा वितळबिंदू कायद्याने एकेचाळीस अंशांपर्यंत चालतो, आणि आपलं तोंड सदतिसाचं. म्हणजे उरलेले चार अंश तुम्ही ताप आणून भरून काढायचे!

आता ही चैनीची तक्रार आहे, असं कोणी म्हणेल. तुमच्यासारख्या पगारदाराला टाळूवरचा थर सुचतो; ज्याला दोन वेळचं पडत नाही त्याला काय तूप नि काय पाम? मला हाच युक्तिवाद सगळ्यात जास्त चीड आणतो. कारण फसवणुकीचा भुर्दंड पडतो तो नेमका त्याच माणसाला.

निराधार योजनेचे पैसे जमा झाले की आमच्या शाखेत आजूबाजूच्या पाड्यांवरून म्हाताऱ्या येतात. पहाटे निघालेल्या, काही तर चालत. अंगठा टेकवतात, पैसे घेतात, दोनदा मोजतात, आणि परत जाताना नातवंडासाठी काहीतरी गोड घेतात. त्यातल्या एक आजी एकदा बिस्किटांचा पुडा घेऊन माझ्याच काउंटरला आल्या. "भाऊ, यावर काय लिवलंय तेवढं वाच. दुकानदार बोल्ला तुपाची हायत. नातू आजारी हाय, तुपाचं म्हून घेतलं." पुड्यावर पुढे पिवळ्या धमक अक्षरांत इंग्रजीत घी आणि बाजूला तुपाची धार. मागे, मुंगीनेही चष्मा लावावा अशा अक्षरांत, इंग्रजीतच: मैदा, साखर, खाद्य वनस्पती तेल, कंसात पाम. आणि यादीच्या शेपटाला घी, एक टक्क्याहून कमी. मी सांगितलं. आजी थोडा वेळ पुडा हातात धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग तसंच लिवायचं ना. मी दाहाचा साधा पुडा घेतला नसता का?"

मंडळी, या एका वाक्यापुढे माझं वरचं सगळं पांडित्य झक मारतं. आजींना पामतेलाचं काही नव्हतं. त्यांनी साधा पुडा आनंदाने घेतला असता आणि उरलेल्या पैशांची केळी घेतली असती. त्यांचं जे गेलं ते तूप नव्हे; निवड करायचा हक्क गेला, आणि तोही रोख पैसे मोजून. आपला कायदाही असा उदार, की पुड्यावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला की झालं. मराठी हवीच असं नाही. म्हणजे त्र्यंबकच्या पाड्यावरच्या आजींनी तुपाचा शोध घ्यायला आधी इंग्रजी शाळेत नाव घालायचं.

वरच्या थरातली माणसं भांडू शकतात. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पतीचा घातला तर त्याला आईस्क्रीम म्हणता येत नाही, 'फ्रोजन डेझर्ट' म्हणावं लागतं. यावरून केलेल्या एका जाहिरातीपायी २०१७ साली दोन बलाढ्य कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. नावाची किंमत कंपन्यांना बरोबर कळते. आईस्क्रीमला जो न्याय, तो नानखटाईला का नाही? की थंड पदार्थांना कायदा लागू आणि गरम पदार्थांना माफी?

तेव्हा माझ्या मागण्या अशा. दुकानात बरणीवर मराठीत, टपोऱ्या अक्षरांत लिहा: 'तुपाची', 'लोण्याची', 'वनस्पतीची' किंवा 'पामतेलाची'. भाव त्याप्रमाणे लावा. पुड्यावर तुपाची धार काढायची असेल तर आत निदान धारेपुरतं तरी तूप घाला. आणि घरोघरच्या वहिनींना विनंती, की तेलाचा केक जरूर करा, हिशेब जुळवून करा, पण बशी पुढे करतानाच सांगा. खाऊन झाल्यावर कोडं घालू नका.

हे सगळं मी आमच्या ओळखीच्या एका भट्टीवाल्याला बोलून दाखवलं. तो माझं ऐकून घेतो. हप्ता दोन दिवस पुढेमागे झाला की मीही त्याचं ऐकून घेतो. तो म्हणाला, "साहेब, पामतेलाची अशी पाटी लावली तर घेईल कोण?"

मी म्हटलं, "अरे, या गावात रोज हजारो माणसं देवाला दागिन्यांऐवजी तांदूळ वाहतात, तेही ओरडून सांगून. देवाने अजून एकाचाही परत केलेला नाही. तू फक्त खरं सांगायला शीक. भट्टीत पत्रा सरकवताना मोठ्याने म्हण, 'घृतार्थे पामतेलं समर्पयामि!'"

तो हसला. म्हणाला, "म्हणतो की साहेब. पण मग दक्षिणा कमी मिळेल."

तेवढंच तर माझं म्हणणं आहे.